ऐतिहासिक सिनेमातला नट ‘शोभतो’ की नाही, हे ठरवायचं कशावरून?

मंगळवारपेठकरीण

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या वाचनालयात महिन्यातून एकदा आम्ही काहीजण जमतो. एखादं पुस्तक आणि त्यावरून निघालेला सिनेमा किंवा मालिका अशी जोडी घेऊन बोलतो. पुस्तकावर बोलणं छान रंगतं. सिनेमाची पाळी आली की मात्र दोनच वाक्यं ऐकू येतात: ‘हा त्यांच्यासारखा दिसतच नाही’ आणि ‘पुस्तकात असं नाहीये’. त्याच्या पुढे कुणी जातच नाही आणि मग आवाज चढतात.

‘छावा’च्या वेळी हे फार जाणवलं. शिवाजी सावंत आपल्या आजऱ्याचे. त्यांची १९७९ ची कादंबरी इथे घरोघरी आहे, पारायणं केलेली माणसं आहेत. त्यामुळे २०२५ चा सिनेमा बघायला जो तो आपापले संभाजीराजे मनात घेऊनच गेला होता. विकी कौशलची दाढी, खांदे, आरोळी यांवर बराच वेळ गेला. येसूबाईंवर बोलणं झालं ते रश्मिका मंदानाच्या उच्चारांपुरतं.

मला बोलायचं होतं ते वेगळंच. येसूबाई म्हणजे कोण? राजे मोहिमेवर असताना रायगडावरून कारभार बघणारी, ‘श्री सखी राज्ञी जयति’ असा स्वतःचा शिक्का असलेली बाई. नवरा पकडला गेल्यावर पोटच्या पोराचा हक्क बाजूला ठेवून दिराला पुढे करणारी. राजारामांना गडाबाहेर सुखरूप काढून, स्वतः लहानग्या शाहूला घेऊन वेढ्यात मागे राहणारी. १६८९ मध्ये मोगलांच्या कैदेत गेली ती १७१९ मध्ये परत आली. तीस वर्षं! आता अशा बाईच्या वाट्याला पटकथेत ओवाळणं, निरोप देणं आणि वाट बघणं हेच जास्त येणार असेल, तर नटी शोभली की नाही हे आपण ठरवणार तरी कशावरून? ज्या कामासाठी ती बाई इतिहासात आहे, ते काम तिला करायला मिळालंच नाही. आणि ही ताराराणींची गादी असलेलं गाव, इथल्या बैठकीतसुद्धा हा प्रश्न कुणाला पडू नये याचं मला खरंच वाईट वाटलं.

म्हणून विचारते. नटाची निवड आणि मुळाशी इमान, या दोन गोष्टी तुम्ही कशा पारखता? ‘आवडला’, ‘नाही आवडला’ यापलीकडे जाऊन बोलायचं असेल तर धरायचं काय? फक्त इतिहासच असं नाही, साहित्यकृतींवरच्या सिनेमांबद्दलही सांगा.

मोडीवाचक

ताई, प्रश्न चांगला आहे आणि मला यावर पुष्कळ दिवसांपासून लिहायचं होतं. आधी ‘त्यांच्यासारखा दिसत नाही’ हे घेऊ. त्यांच्यासारखा म्हणजे कुणासारखा?

शिवाजी महाराजांच्या रूपाचं समकालीन वर्णन फार थोडं आहे. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीच्या वेळी तिथल्या इंग्रज वखारीत एस्कॅलियट नावाचा पाद्री होता. महाराजांना बघितलेल्या लोकांकडून ऐकून त्याने पत्रात लिहून ठेवलंय: उंची बेताची, अंगकाठी ताठ आणि प्रमाणात, नजर चपळ आणि भेदक, बोलताना हसल्यासारखा वाटणारा चेहरा, रंग आपल्या माणसांपेक्षा उजळ. त्याच सुमाराचा फ्रेंच प्रवासी थेव्हनो लिहितो, ठेंगणे, सावळ्याकडे झुकणारा रंग, आणि हुशारी दाखवणारे तेज डोळे. म्हणजे रंगावर दोघांचं एकमत नाही, उंचीवर आणि डोळ्यांवर आहे. आता आठवा आपल्या पडद्यावरचे महाराज. धिप्पाड, धीरगंभीर, खर्जात बोलणारे. बोलता बोलता हसणारे महाराज तुम्हाला किती नटांत दिसले? मला वाटतं ते हसू ही फार मोठी खूण आहे. समोरच्याला मोकळं करून त्याचं मन काढून घेणारा माणूस त्यात दिसतो. नट निवडताना उंची कमी-जास्त झाली तर चालेल, पण ते हसू ज्याला जमणार नाही त्याला मी घेणार नाही.

चित्राचंही तेच. एके काळी महाराजांचं म्हणून जे चित्र पुस्तकांत छापलं जायचं, घराघरांत लावलं जायचं, ते इब्राहिमखान नावाच्या दुसऱ्याच माणसाचं होतं. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी ते दाखवून दिलं आणि डच साधनांतलं चित्र पुढे आणलं. लोकांनी आधीच्या चित्रालाही मनोभावे हारच घातले होते. त्या श्रद्धेला मी नावं ठेवत नाही. पण ‘मनातल्या रूपाशी जुळतं’ ही इतिहासाची कसोटी होत नाही, एवढं त्यावरून कळतं.

आपल्या कोल्हापुरात तर यावर अजून एक थर आहे. भालजी पेंढारकरांच्या १९५२ च्या ‘छत्रपती शिवाजी’मध्ये चंद्रकांत मांडरे महाराज झाले. ते इथलेच, स्वतः उत्तम चित्रकार, राजारामपुरीतल्या त्यांच्या घराचं आज कलासंग्रहालय आहे. माझ्या आधीच्या पिढीच्या आणि माझ्याही डोक्यात महाराज उभे राहिले की ते चंद्रकांतच असतात: तो जिरेटोप, ती मान, ती सावकाश उचललेली नजर. त्यांनी ते काम इतकं मनापासून केलं की पुढच्या प्रत्येक नटाला आपण त्यांच्याशीच ताडून बघतो. समजूत मात्र अशी असते की आपण इतिहासाशी ताडतोय. चर्चेत हे एकदा उघड बोलून टाका, निम्मी भांडणं तिथंच मिटतील.

त्याच सिनेमात मिर्झाराजे जयसिंगांच्या भूमिकेत पृथ्वीराज कपूर होते. पेशावरकडचा माणूस, हिंदी रंगभूमीवरचा. पण मिर्झाराजे हे मोगल दरबारात मुरलेले राजपूत, मराठी मुलखात परके. ते परकेपण, तो दरबारी भारदस्तपणा नटाच्या अंगातच होता. बाहेरचा नट म्हणून नाक मुरडण्याआधी त्या व्यक्तीचा इथल्या मातीशी काय संबंध होता, हे बघावं.

दुसरं वाक्य, ‘पुस्तकात असं नाही’. कुठल्या पुस्तकात? संभाजीराजांपुरतं सांगतो. मल्हार रामराव चिटणीसाची बखर राजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली, आणि तिच्यात राजे व्यसनी, उतावळे असे रंगवलेले. नाटकवाल्यांनी बराच काळ तेच उचललं. बेंद्र्यांचा चरित्रग्रंथ १९६० चा, कमल गोखल्यांचं ‘शिवपुत्र संभाजी’ त्यानंतरचं. या दोघांनी कागद तपासून ती प्रतिमा पुसली. सावंतांची कादंबरी त्यानंतर आली, आणि सिनेमा त्या कादंबरीवर. तेव्हा सिनेमा कादंबरीपासून दूर गेला म्हणजे इतिहासापासून दूर गेलाच असं नाही, आणि कादंबरीबरहुकूम राहिला म्हणजे खरा ठरला असंही नाही. दोन हिशेब दोन वह्यांत मांडा.

राजारामपुरी सातवी गल्ली

सर, सगळं पटलं, पण निर्मात्याच्या बाजूनेही बघा की. किल्ल्याचा सेट, घोडी, शेकडो माणसं, संगणकावरची दृश्यं, हा खर्च निघायचा तर नाव असलेलाच नट लागतो. हुबेहूब दिसणारा नवखा घेतला तर थिएटरात माणसं येत नाहीत. त्यातही ‘तान्हाजी’त महाराज झालेल्या शरद केळकरांचं सगळ्यांनी कौतुक केलंच ना? मुख्य भूमिकेत तारा घ्या आणि बाकीची माणसं पारखून घ्या, असा मधला मार्ग चालायला हरकत नसावी.

पट्टेकरी

ताई, मी आखाड्यात पोरांना मर्दानी खेळ शिकवतोय, त्यामुळं माझं बघणं चेहऱ्यावर कमी आणि हातापायांवर जास्त असतंय. तुम्ही विचारलंय कशावर धरायचं, तर मी दांडपट्ट्याचं सांगतो.

पट्ट्याची मूठ खोबळ्याच्या आत असती. हात आत घातला की कोपरापर्यंत लोखंड येतंय आणि मनगट जाम होतंय. वळवायचं म्हटलं तरी वळत न्हाई. म्हणजे वार निघणार तो खांद्यातनं आणि कंबरेतनं. सगळं अंग फिरतंय, पाय आधी जागा घेतात, मग पातं येतंय. आमच्यात पोरगं पहिल्यांदा पट्टा घालतंय तेव्हा मी त्याला पातं फिरवूच देत न्हाई, नुसते पवित्रे करून घेतो. पुढं जमिनीवर ठेवलेलं लिंबू पट्ट्यानं कापायला लावतो. ज्याचा पाय चुकला त्याचं लिंबू र्‍हायलंच म्हणून समजा. आता सिनेमात बघा. नट तलवारीसारखा मनगटातनं पट्टा हलवायला लागला की मला लगेच कळतंय, हातात हलकी वस्तू हाय आणि शिकवायला कुणी न्हवतं. चेहरा किती का जुळंना, तो माणूस माझ्यासाठी तिथंच मोडतो.

हे बारीक खुसपट न्हवं. पन्हाळ्यावर बाजीप्रभूंचा पुतळा बघितलासा तर दोन्ही हात चालल्यात. १३ जुलै १६६० ला घोडखिंडीत तो माणूस उभा र्‍हायला, तो आधीची सगळी रात्र पावसाचिखलातनं चालून आल्यावर. आपल्या भागातली कितीतरी पोरं दरसाल पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चालत जात्यात. दोन दिवसांत जात्यात, दिवसा उजेडी, पायात बूट घालून, तरी दुसऱ्या दिवशी पोटऱ्या भरून येत्यात, पायाला जळवा लागलेल्या असत्यात. ज्यानं ती वाट एकदा चाललीय त्याला कोरड्या धोतरातला, केस बसवलेला बाजी पटायचा न्हाई. नट निवडताना त्याचं अंग दमू शकतंय का, दमलेलं दाखवू शकतंय का, एवढं बघा. दमलेला माणूस हालचाल वाचवतोय. आरडत न्हाई.

आणि त्याच रात्रीचे शिवा काशीद. परंपरा सांगती की ते महाराजांसारखे दिसत होते म्हणून पालखीत बसले आणि सिद्दी जौहरच्या छावणीत गेले. जिवावरचं सोंग! सिनेमात ह्या भूमिकेला निदान महाराज झालेल्या नटासारखा दिसणारा माणूस घ्या. तिथं चेहरा जुळायलाच पाहिजे, कारण सगळी गोष्टच त्याच्यावर हाय.

कागलकर

साहित्यकृतींचं मी लिहितो, कारण ‘नटरंग’ आमच्या गावच्या माणसाचं. आनंद यादव कागलचे आणि नायकाचं नावच गुणा कागलकर. शेतमजुरी करणारा, पैलवानी अंगाचा गडी तमाशाचं वेड घेतो आणि फडाला नाच्या पाहिजे म्हणून स्वतः नाच्या होतो. आमच्याकडे तालमीला काय मान आहे हे तुम्हाला सांगायला नको. खासबाग मैदान ज्या जिल्ह्यात आहे तिथं पिळदार गड्यानं कमरेत लचकणं म्हणजे काय, हे कादंबरी वाचताना अंगावर येतं. पडद्यावर ते दाखवायचं तर नुसता अभिनय पुरत नाही, शरीरच बदलावं लागतं. अतुल कुलकर्णींनी त्या भूमिकेसाठी आधी पैलवानासारखं अंग कमावलं आणि मग नाच्यासाठी ते उतरवलं. मला विचाराल तर मराठी सिनेमातली ही सगळ्यात योग्य निवड. शहरी चेहरा, शहरी वाचिक असलेला नट, कागदावर बघितलं तर कुणीही म्हणालं असतं की हा गुणा नव्हे. पण गुणाच्या गोष्टीचा कणा म्हणजे त्याच्या देहाची होणारी उलथापालथ, आणि ती पेलणारा नट त्यांनी घेतला.

भाषेबद्दल मात्र मी कडक आहे. आपल्याकडची बोली सिनेमात आली की ती एक तर विनोदाला वापरतात, नाही तर सगळ्यांच्या तोंडी एकसारखी घालतात. कागल, गडहिंग्लज, चंदगड, शिरोळ इथली माणसं एकाच चालीत बोलत नाहीत. चंदगडात कोकणीचा वारा लागतो, गडहिंग्लजला कानडीचा. भाषेचा माणूस सेटवर हजर ठेवला तर खर्च काही फार येत नाही.

‘जोगवा’ हे याहून अवघड उदाहरण. तो सिनेमा राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या दोन कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा, असं एकत्र करून बेतलेला. गवस आपल्याच जिल्ह्यातले. आता तीन ठिकाणांहून घेतल्यावर ‘पुस्तकात असं नाही’ हे वाक्य कुठं टिकवणार? तरी मी तो सिनेमा इमानी मानतो. यल्लम्माच्या नावानं पोराला जोगत्या करून साडी नेसवली की त्याचं गावातलं स्थान कसं पालटतं, घरच्यांना पोटचं पोर समोर असून हाक मारता येत नाही, भंडारा कपाळी लागला की माणूस कसा सगळ्यांचा होऊन कुणाचाच राहत नाही, हे सगळं सिनेमात शाबूत आहे. उपेंद्र लिमये यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो साडी नेसल्याबद्दल नव्हे. साडी नेसलेल्या तायाप्पाच्या चालण्यात आधीचा पुरुष पूर्ण गेलेला नाही आणि जोगता पूर्ण आलेला नाही, ते अडकलेपण त्यांनी शेवटपर्यंत धरून ठेवलं. प्रसंग इकडचे तिकडे झाले तरी माझी हरकत नाही, त्या माणसाच्या दुःखाचं कारण बदलता कामा नये.

मंगळवारपेठकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. कागलकर, तुमचं शेवटचं वाक्य मी लिहून घेतलंय, कारण मला हवं होतं ते हेच. कारण बदलता कामा नये.

यावरून नेसरीचा प्रसंग आठवतो. ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ या सिनेमाची पहिली झलक २०२२ मध्ये आली तेव्हा झुंबरात विजेचे दिवे दिसले म्हणून केवढा गदारोळ झाला. चूक होतीच, पण ती शाळकरी पोरालाही पकडता येणारी. खरा प्रश्न वेगळा आहे. प्रतापराव गुजर २४ फेब्रुवारी १६७४ ला मूठभर स्वार घेऊन बहलोलखानाच्या फौजेवर तुटून का पडले? उमराणीला हाती आलेला खान त्यांनी सोडला, तोच परत उलटला, आणि महाराजांचा शब्द त्यांना जिव्हारी लागला. अनुभवी सरनौबताने, म्हणजे सेनापतीने, हा निर्णय घेतला त्यामागे ही सगळी साखळी आहे. ती नीट न दाखवता नुसती आवेशाची दौड दाखवली, तर झुंबरात मशाली लावूनही सिनेमा इमानी होत नाही. आपण दिव्यांवर तुटून पडतो आणि माणसाचा हेतू बदलला तरी तिकडे कानाडोळा करतो, याचा मला राग येतो.

सातवी गल्ली, तुमचा मुद्दा मी टाळत नाही. नाव असलेला नट घ्यावा लागतो हे खरं. पण येसूबाईंना कारभाराचे आणखी दोन प्रसंग लिहायला जादा पैसे पडत नाहीत. तिथे तारा-बिरा काही आड येत नाही.

मोडीवाचक सर, एक शंका. ‘छावा’तला लेझमीचा प्रसंग आक्षेपानंतर काढला. कागदात असा प्रसंग नाही म्हणून तो चूकच, असं मानायचं का? कादंबरीकाराला जी मोकळीक आपण देतो, ती दिग्दर्शकाला कितपत द्यायची?

मोडीवाचक

कागद गप्प आहे आणि कागद विरुद्ध बोलतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ताई. राजे कधी लेझीम खेळले की नाही याची नोंद असायचं कारणच नाही. तिथे प्रश्न औचित्याचा आहे, पुराव्याचा नाही. अभिषिक्त राजा दरबारी पोशाखात नाचाच्या तालावर दाखवायचा का, यावर लोकांचं मत पडलं आणि निर्मात्यांनी ते मानलं. पण जिथे कागद बोलतो तिथे मोकळीक नाही. नेसरीच्या त्या सहा स्वारांची जी नावं आज सांगतात त्यांना भक्कम समकालीन आधार नाही. सिनेमाला मात्र नाव नसलेला माणूस दोन तास चालत नाही, म्हणून नावं आणि चेहरे देणं भागच आहे. द्यावेत. सुरुवातीला एक पाटी लावून ‘ही पात्रं कल्पित आहेत’ असं मोठ्या अक्षरात, वाचायला पुरेल इतका वेळ दाखवावं. आताच्या पाट्या डोळ्याचं पातं लवायच्या आत जातात.

वयाकडेही बघत जा. माधवराव सोळाव्या वर्षी पेशवे झाले आणि सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला वारले. पानिपतावर भाऊसाहेब तिशीचे, विश्वासराव तर मिसरूड फुटायच्या वयाचे. संभाजीराजे गेले तेव्हा बत्तीसही पूर्ण नव्हते. पडद्यावर ही सगळी माणसं पोक्त दिसतात आणि मग त्यांचे निर्णय आपल्याला नुसते शौर्याचे वाटतात. त्यातलं तरुणपण, घाई, वडीलधाऱ्यांशी चाललेली ओढाताण दिसत नाही. संगमेश्वरावर राजांना धरायला मोगल सरदार मुकर्रबखान चालून गेला तो आपल्या कोल्हापूरच्याच बाजूने, घाटवाटा उतरून. ती बातमी कळल्यावर तिशीतल्या माणसाच्या मनात काय झालं असेल, हे पोक्त चेहऱ्यावर कसं दिसणार?

पट्टेकरी

सर, वयाचं बरोबर बोललासा. आखाड्यात वीस वर्षाच्या पोराचा पवित्रा आणि चाळिशीतल्या माणसाचा पवित्रा लांबनं ओळखू येतोय. पोरगं पुढच्या पायावर असतंय.

मंगळवारपेठकरीण

मग ठरलं. पुढच्या बैठकीला ‘स्वामी’ घेतो. रणजित देसाई कोवाडचे, त्यामुळे इथे पुस्तकाच्या प्रतींना तोटा नाही. दूरदर्शनवर १९८७ मध्ये आलेली गजानन जागीरदारांची मालिकाही सोबत बघू, रवींद्र मंकणी माधवराव आणि मृणाल देव रमाबाई. आमच्या घरी अजून माधवराव म्हटलं की मंकणींचाच चेहरा येतो, त्यामुळे सर म्हणतात तो जुन्या नटाचा थर तिथेही सापडेल. या वेळी प्रत्येकाला एकच पात्र वाटून देणार आहे: त्याचं त्या वेळचं वय काय, त्यानं प्रत्यक्षात केलं काय, आणि पडद्यावर त्याला त्यातलं काय करायला मिळालं, एवढं लिहून आणायचं. रमाबाई मी घेतली आहे. राघोबादादा आणि गोपिकाबाई अजून कुणी घेतलेले नाहीत. मालिकेचे भाग कुणाकडे जपून ठेवलेले असतील तर इथेच कळवा. पट्टेकरी दादा, तुम्हीही या. जमलं तर पट्टा घेऊन या, खोबळ्यात हात घालून बघायची आमच्यातल्या पुष्कळ जणांची इच्छा आहे.